हाउसकीपिंगपासून सुरुवात म्हणजे कमीपणा का?

"ताई, मी वाणिज्य शाखेची पदवीधर आहे. हॉटेल मॅनेजमेंटचा कोर्स केलेला नाही, तरी एका मोठ्या हॉटेलात ट्रेनी म्हणून माझी निवड झाली. मुलाखतीत सगळं बोलणं फ्रंट ऑफिसबद्दल, म्हणजे रिसेप्शनच्या कामाबद्दल झालं, त्यामुळे मी खूश होते. आता हातात पडलेल्या पत्रात पहिले चार महिने हाउसकीपिंग, मग किचन आणि सर्व्हिस, आणि सगळ्यात शेवटी फ्रंट ऑफिस असं लिहिलंय. घरचे म्हणतात, 'एवढी शिकलीस ती लोकांच्या चादरी बदलायला का?' मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. शिवाय या धंद्याचा पाया नेमका काय असतो हेच मला माहीत नाही. हसून बोलणं आणि बरं इंग्रजी, एवढ्यावर निभावतं का? दहा दिवसांत होकार-नकार कळवायचा आहे."

मुदत जवळ आहे म्हणून उत्तर आधी देते: होकार कळव. सही करण्यापूर्वी काही गोष्टी विचारून घ्यायच्या आहेत, त्या पुढे सांगते. पत्र वाचून आपली किंमत कमी केली असं तुला वाटलं असेल, पण माझ्या मते ज्यांनी हा क्रम लावला त्यांना धंदा कळतो. असं का म्हणते, ते समजायला तुझ्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करावी लागेल.

हॉटेल विकतं काय? बाहेरून बघणाऱ्याच्या डोळ्यांत लॉबी भरते, रेस्टॉरंट भरतं, पोहण्याचा तलाव भरतो. पण बहुतेक मोठ्या हॉटेलांचं पोट खोल्यांवर चालतं. खोल्यांच्या भाड्यातून त्या विभागाचा थेट खर्च, म्हणजे सफाई, धुलाई, साबण-शाम्पू आणि तिथल्या माणसांचे पगार वजा केले, तरी साधारण दोन-तृतीयांश किंवा त्याहून जास्त पैसा हातात राहतो. रेस्टॉरंटमध्ये एवढा कधीच राहत नाही. तिथे नुसता कच्चा मालच विक्रीच्या 28 ते 35 टक्के खातो, त्यावर किचनची माणसं, सर्व्हिसची माणसं, इंधन, नासाडी आहेच.

आणि खोली या मालाची एक अडचण आहे. तो साठवता येत नाही. दुकानात आज न खपलेला शर्ट उद्या खपतो. आज रात्री रिकामी राहिलेली खोली उद्या विकली तरी विकली ती उद्याची रात्र. आजची गेली ती गेलीच. दुसरीकडे इमारतीचं कर्ज, पगार, लिफ्ट, जिन्यातले दिवे, पंप, हा सगळा खर्च खोली भरली तरी आहे आणि नाही भरली तरी आहे. एक जास्तीची खोली भरल्यानं खर्च किती वाढतो? धुलाई, थोडं पाणी-वीज, साबण, अर्ध्या-पाऊण तासाची मेहनत आणि बुकिंग दुसऱ्या कुणामार्फत आलं असेल तर त्याचं कमिशन. एवढी एक गोष्ट मनात पक्की बसली की या धंद्यातल्या बऱ्याच चमत्कारिक वाटणाऱ्या गोष्टींचा उलगडा होतो. एकाच खोलीचा दर सोमवारी एक आणि शनिवारी दुसरा का असतो, आगाऊ बुकिंगला स्वस्त का मिळतं, आणि आहेत त्याहून जास्त खोल्या बुक करण्याचं धाडस हॉटेलं का करतात, ते सगळं इथून निघतं.

तू हिशेब शिकलेली आहेस, तर एक उदाहरण देते. दोन हॉटेलं आहेत, दोन्हीकडे 100 खोल्या. पहिल्यानं दर निम्म्यावर आणून 90 खोल्या भरल्या. दुसऱ्यानं दर सोडला नाही, त्याच्या 60च भरल्या. गर्दी पहिल्याकडे दिसते आणि नवखा मॅनेजर तिथेच खूश होतो. पण पहिल्याच्या गल्ल्यात पूर्ण दराच्या 45 खोल्यांइतकाच पैसा आला, दुसऱ्याच्या गल्ल्यात 60 खोल्यांचा. शिवाय पहिल्यानं 30 खोल्या जास्त झाडल्या, 30 खोल्यांचे जास्तीचे टॉवेल-चादरी धुतल्या. म्हणून नुसती ऑक्युपन्सी, म्हणजे किती टक्के खोल्या भरल्या, बघून चालत नाही. नुसता एडीआर, म्हणजे विकलेल्या खोलीमागचा सरासरी दर, बघूनही चालत नाही. दोन्ही एकत्र धरणारा आकडा म्हणजे रेवपार: खोल्यांच्या भाड्याचं एकूण उत्पन्न भागिले हॉटेलात विकायला असलेल्या सगळ्या खोल्या, रिकाम्या राहिलेल्यासुद्धा. सकाळच्या ब्रीफिंगमध्ये हा शब्द रोज कानावर पडेल. तो ऐकून दचकायचं नाही, एवढ्यासाठी आधीच सांगितला.

आता यात हाउसकीपिंग कुठे येतं ते बघ. समज, 100 खोल्यांचं हॉटेल काल पूर्ण भरलेलं होतं. आज 70 गेस्ट निघणार आहेत आणि 65 नवे येणार आहेत. चेक-आउट दुपारी 12 ला, चेक-इन 2 ला. एक माणूस पूर्ण शिफ्टमध्ये साधारण 12 ते 16 खोल्या करतो, आणि चेक-आउट झालेल्या खोलीला अर्धा तास तरी लागतोच, पसारा असेल तर जास्त. खोल्या करणारी आठ माणसं धरली तर त्या दोन तासांत प्रत्येकी चार, म्हणजे फार तर 32 खोल्या तयार होतील. उरलेले 33 गेस्ट लॉबीत बॅगा घेऊन बसतील. समोर रिसेप्शनवरच्या मुलीनं कितीही गोड हसून बोललं तरी त्यांना हवी असलेली खोली तिच्याकडे नाहीच.

हे टळतं ते नियोजनानं. पहाटे निघून गेलेल्यांच्या खोल्या सकाळीच हातात घ्यायच्या. लवकर येणारे कोण, लहान मुलं घेऊन येणारे कोण, याची यादी फ्रंट ऑफिसनं आदल्या रात्री द्यायची. कुठल्या मजल्यावर माणूस कमी आहे ते सुपरवायझरनं सकाळी 9 च्या आत ओळखायचं. फ्रंट ऑफिस आणि हाउसकीपिंग यांचं पटत नसेल तर हॉटेल कितीही देखणं असो, दुपारी 2 वाजता त्याची लाज जाते. आणि माझा अनुभव असा, की ज्यानं मजल्यावर काम केलेलं नाही तो काउंटरवरून 'रूम का झाली नाही अजून?' एवढंच फोनवर ओरडू शकतो. ज्यानं केलंय तो विचारतो, 'बाथरूम झालंय ना? मग गेस्टला दहा मिनिटं चहाला बसवते.'

प्रत्येक खोलीला दर तासाला एक अवस्था असते. गेस्ट आहे, गेस्ट गेला पण खोली घाण आहे, साफ झाली, साफ होऊन सुपरवायझरनं तपासली, दुरुस्तीसाठी बंद आहे. यातली 'साफ झाली' आणि 'तपासली' या दोन वेगळ्या अवस्था आहेत हे नव्या मुलांच्या लवकर लक्षात येत नाही. विकायची ती तपासलेली खोली. कॉम्प्युटरवरची अवस्था आणि खरी अवस्था जुळत नसली की नुकसान होतं. गेस्ट पैसे चुकते करून केव्हाच गेला, पण पडद्यावर खोली भरलेलीच दिसतेय, याला 'स्लीपर' म्हणतात. ती खोली रात्रभर रिकामी पडते आणि दारातून आलेल्या माणसाला 'फुल आहे' म्हणून परत पाठवलं जातं. उलट पडद्यावर भरलेली, आत मात्र सामान नाही आणि बिलही भरलेलं नाही, तो 'स्किपर'. हे दोन्ही पहिल्यांदा कुणाला कळतं? मजल्यावरच्या माणसाला. म्हणून रोज ठरलेल्या वेळी हाउसकीपिंग आपला खोल्यांचा अहवाल देतं आणि फ्रंट ऑफिस तो आपल्या यादीशी ताडून बघतं.

चादर बदलणं म्हणजे काय, तेही जरा जवळून सांगते, कारण घरच्यांनी तुला त्याच शब्दांनी दुखावलंय.

दारावर ठोठावून 'हाउसकीपिंग' म्हणायचं, थांबायचं, पुन्हा ठोठावायचं, मगच दार उघडायचं. आधी पडदे सरकवायचे, म्हणजे उजेडात खोलीची खरी दशा दिसते. सगळे दिवे, टीव्ही, एसी चालू करून बघायचे, बिघाड असेल तर मेंटेनन्सला तेव्हाच कळवायचं. मग कचरा आणि वापरलेलं कापड बाहेर. चादर काढताना ती झटकत नाहीत, एकेक कोपरा सोडवत गोळा करतात, कारण गेस्टचा चष्मा, कानातलं, कधी फोन त्यातच गुंडाळलेला असतो. बाथरूममध्ये सफाईचं द्रावण आधी मारून ठेवायचं, कारण त्याला काम करायला काही मिनिटं लागतात. ते मुरेपर्यंत पलंग घालायचा. मग धूळ पुसायची, दारापासून सुरू करून एकाच दिशेनं फिरत परत दारापर्यंत, म्हणजे काही राहत नाही. उंचावरचं आधी, खालचं मग. कमोडचं फडकं वेगळ्या रंगाचं, बेसिनचं वेगळ्या, आणि पाणी प्यायच्या ग्लासाला त्यातलं एकही लागता कामा नये. ग्लास धुवायला खाली जातात, तिथल्या तिथे पुसून ठेवत नाहीत. हा नियम मोडणारी हॉटेलं आहेत, आणि मला त्यांचा मनापासून राग येतो. शेवटी व्हॅक्यूम, आतल्या कोपऱ्यापासून दाराकडे मागे मागे येत. निघताना एकदा दारात उभं राहून गेस्टच्या नजरेनं बघायचं, आणि एकदा पलंगावर डोकं टेकल्यावर जे दिसेल त्या उंचीवरून. छतावरचं कोळिष्टक तिथूनच दिसतं.

हे सगळं अर्ध्या तासात, आणि दिवसाला बारा-चौदा वेळा, प्रत्येक वेळी पहिल्यासारखंच. तुझ्या घरी हे एकदा सविस्तर सांगून बघ.

यात माणसाच्या जिवाशी थेट संबंध असलेलीही कामं आहेत. 1976 मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरातल्या एका हॉटेलात माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन भरलं होतं. त्यानंतर कित्येक जण न्यूमोनियासारख्या आजारानं पडले आणि अनेक दगावले. पुढच्या वर्षी त्यामागचा जिवाणू सापडला, त्याला लिजिओनेला नाव मिळालं. तो कोमट, साचलेल्या पाण्यात वाढतो, साधारण 20 ते 45 अंश सेल्सिअसमध्ये. म्हणून गरम पाण्याची टाकी 60 अंशांच्या आसपास ठेवतात, आणि बरेच दिवस न विकलेल्या खोलीतले नळ-शॉवर ठरावीक दिवसांनी सोडून पाणी वाहू देतात. हे मजल्यावरच्या माणसाच्या वहीत असतं. गेस्टला त्याची कधी खबरही लागत नाही.

खालच्या कामातून शिकलेलं वर कसं उपयोगी पडतं याचा एक दाखला माझ्या फार आवडीचा आहे. एल्सवर्थ स्टॅटलर हा अमेरिकेतला गृहस्थ वयाच्या तेराव्या वर्षी हॉटेलात बेलबॉय म्हणून लागला, गेस्टच्या बॅगा उचलायला. 1908 मध्ये त्यानं बफेलो शहरात स्वतःचं मोठं हॉटेल काढलं, तेव्हा प्रत्येक खोलीला स्वतंत्र बाथरूम दिलं. त्या काळी सामान्य प्रवाशाच्या खिशाला परवडणाऱ्या हॉटेलात ही चैन नव्हती. ती परवडावी म्हणून त्यानं शेजारच्या दोन खोल्यांची बाथरूमं पाठीला पाठ लावून बांधली आणि नळ-सांडपाण्याचे पाइप दोघांत मिळून एकाच उभ्या पोकळीतून नेले. दिव्याचं बटण दाराशेजारी लावलं, म्हणजे रात्री आलेल्या माणसाला अंधारात चाचपडावं लागू नये. आज जगभरच्या हॉटेलांत हे असंच बांधतात आणि कुणाला त्यात नवल वाटत नाही. बॅगा घेऊन शेकडो वेळा अंधाऱ्या खोलीत शिरलेल्या माणसाला ते सुचलं, यात मला तरी नवल वाटत नाही.

किचन आणि सर्व्हिसबद्दल थोडक्यात सांगते, तिथे गेल्यावर शेफ तुला शिकवतीलच. तापमान, तारीख आणि क्रम, या तीन गोष्टींना तिथे तडजोड नाही. 5 ते 60 अंशांच्या मधे अन्न रेंगाळू द्यायचं नाही, कारण जंतू तिथेच भराभर वाढतात. आधी आलेला माल आधी वापरायचा. कच्चं आणि शिजवलेलं वेगळं, सुऱ्या आणि बोर्डसुद्धा वेगळे. सर्व्हिसमध्ये ऑर्डर घेताना ॲलर्जी विचारायची, आणि उत्तर माहीत नसेल तर 'बहुतेक नसेल' असं कधीही म्हणायचं नाही, आत जाऊन विचारून यायचं. बाकी ताट कुठल्या हातानं ठेवायचं वगैरे आठवड्याभरात अंगवळणी पडतं. तुझ्यासारखीनं मात्र स्टोअरमध्ये आणि फूड कॉस्टच्या कागदांत डोकं घालावं. माल आला किती, विकला किती, टाकला किती, या तीन आकड्यांत न बसणारी जी तफावत निघते तिच्यावरून त्या किचनची शिस्त कळते.

आता फ्रंट ऑफिस, जिथे तुझं मन आहे. तिथे हसून बोलणं लागतं, इंग्रजीही लागतं, आणखी एखादी भाषा आली तर सोन्याहून पिवळं. पण तेवढ्यावर निभावत नाही. काउंटरवरचं काम गेस्ट यायच्या आधी सुरू होतं: बुकिंगमध्ये काय लिहिलंय, कुठली खोली द्यायची, आगाऊ पैसे आले का, काही खास मागणी आहे का. मग येणं, राहणं, निघणं. प्रत्येक टप्प्यावर त्याच्या नावावर जो खर्च पडतो तो त्याच दिवशी बिलात चढला पाहिजे. गेस्ट टॅक्सीत बसल्यावर 'एक बिल राहिलं' असं आठवून उपयोग नसतो.

आणि गेस्टची सुरक्षितता. खोलीचा नंबर मोठ्यानं उच्चारायचा नाही, किल्लीच्या पाकिटावर लिहून दाखवायचा. 'अमुक बाई कुठल्या खोलीत आहेत?' असं कुणी कितीही जवळचा असल्यासारखं विचारलं तरी सांगायचं नाही, फोन जोडून द्यायचा आणि त्या हो म्हणाल्या तरच पुढे. मजल्यावर काम करताना कुणी येऊन 'किल्ली आत राहिली, माझीच खोली आहे, उघडा जरा' म्हणालं तरी उघडायचं नाही, नम्रपणे काउंटरवर पाठवायचं. माणूस रागावेल. रागावू दे. त्याच्या जागी चोर असता तर याच गेस्टनं तुझे आभार मानले असते.

फ्रंट ऑफिसची खरी परीक्षा एका विशिष्ट रात्री असते, आणि ती तुझ्यावर कधी ना कधी येणारच. मघाशी म्हटलं तसं, हॉटेलं आहेत त्याहून थोड्या जास्त खोल्या बुक करतात, कारण काही जण आयत्या वेळी रद्द करतात, काही न कळवता येतच नाहीत. अंदाज बहुधा बरोबर ठरतो. एखाद्या रात्री सगळेच येतात, त्यात एका खोलीचा पाइप फुटतो, आणि रात्री 11 वाजता पक्कं बुकिंग हातात घेऊन दमलेला माणूस समोर उभा राहतो. खोली नाही. अशा वेळी त्याला दुसऱ्या हॉटेलात पाठवतात, त्याला या लाइनीत गेस्टला 'वॉक' करणं म्हणतात. ते नीट करायचं तर आधी स्वतः फोन करून तितक्याच किंवा वरच्या दर्जाच्या हॉटेलात खोली पक्की करायची, त्या रात्रीचं भाडं आणि जाण्या-येण्याची गाडी आपल्या हॉटेलनं द्यायची, त्याच्या घरून किंवा ऑफिसातून फोन आला तर कुठे जोडायचा हे ऑपरेटरला सांगून ठेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्याला परत आणायची सोय करायची. बोलताना खोटी कारणं द्यायची नाहीत. 'तुमचं बुकिंग दिसत नाही' असं सांगून त्याच्यावरच ढकलणारे लोक मी पाहिले आहेत. त्याच्या हातात कागद असतो, आणि आपण खोटं बोलतोय हे त्याला कळतं. 'चूक आमच्याकडून झाली आहे, तुमची रात्रीची सोय मी केली आहे, गाडी दारात आहे,' एवढं सरळ बोललेलं वाक्य त्या माणसाला शांत करतं. तक्रार कुठलीही असो, हाच मार्ग. पूर्ण ऐकून घ्यायचं, मधे तोडायचं नाही, काय करणार आणि किती वेळात करणार ते सांगायचं, आणि त्या वेळेनंतर स्वतः फोन करून विचारायचं. हे शेवटचं फार कमी जण करतात.

नाइट ऑडिटची ड्यूटी मिळाली तर टाळू नकोस. रात्री सगळं शांत झाल्यावर दिवसभराचे व्यवहार जुळवायचे, खोल्यांचं भाडं प्रत्येकाच्या खात्यावर चढवायचं, सकाळी साहेबांच्या टेबलावर जाणारा अहवाल काढायचा. तू वाणिज्य शिकलेली. सगळं हॉटेल एका कागदावर बघायला मिळण्याची ही जागा आहे. तिथून रेव्हेन्यू मॅनेजमेंट (कुठल्या दिवशी खोली कुठल्या दरानं विकायची ते ठरवणं), खरेदी, कॉस्ट कंट्रोल, अकाउंट्स असे रस्ते फुटतात, आणि त्या खुर्च्यांवर कामाची जाण असलेली माणसं कमी सापडतात.

हिशेबाच्या अंगानं अजून एक गोष्ट माहीत असू दे. इमारतीवर ज्याची पाटी आहे तोच तिचा मालक असतो असं नाही. पुष्कळदा मालक एक, नाव दुसऱ्याचं आणि चालवणारा तिसराच. फ्रँचायझीत मालक नाव आणि बुकिंगची यंत्रणा वापरण्याची फी भरतो आणि हॉटेल स्वतः किंवा नेमलेल्या कंपनीकडून चालवून घेतो. मॅनेजमेंट कॉन्ट्रॅक्टमध्ये नाववाली कंपनीच हॉटेल चालवते आणि उत्पन्नातला व नफ्यातला वाटा घेते. तुझ्या नेमणुकीच्या पत्रावर सही कुणाची आहे ते म्हणूनच बघायचं. तुझी नोकरी पाटीवरच्या नावाशी आहे की इमारतीच्या मालकाशी, यावर पुढची बदली, बढती, फंड, सगळं अवलंबून असतं.

कोर्स आधी करायचा का, असं तुझ्या मनात येत असेल. कोर्सचा फायदा आहे. स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात हॉटेलकामाची शाळा 1893 मध्ये निघाली, तेव्हापासून हे शिक्षण रीतसर मिळतंय. पण तिथेही आणि चांगल्या कुठल्याही संस्थेत किचन, सर्व्हिस, हाउसकीपिंग हाताखालून घालतातच. तुला तेच पगार घेऊन शिकायला मिळतंय. दोन-तीन वर्षांनी एखाद्या विषयात खोल जावंसं वाटलं, तर तेव्हा अर्धवेळ कोर्स कर, तो जास्त अंगी लागेल.

त्रासाबद्दल तुला अंधारात ठेवत नाही. लोक जेव्हा सुट्टीवर जातात तेव्हा हॉटेल भरतं, म्हणजे तुझी सुट्टी त्यांच्या सुट्टीच्या दिवशी नसणार. शिफ्ट बदलत राहतील, झोपेचं वेळापत्रक बिघडेल, पाय दुखतील. हाउसकीपिंगमध्ये पाठ आणि खांदे जपावे लागतात. गादी उचलताना कमरेतून वाकायचं नाही, गुडघ्यात वाकायचं. पलंगाच्या एका बाजूचं काम पूर्ण करून मगच दुसऱ्या बाजूला जायचं, उगाच फेऱ्या नकोत. जड ट्रॉली ओढायची नाही, ढकलायची. खोलीत गेस्ट असताना अस्वस्थ वाटलं तर 'नंतर येते' म्हणून बाहेर पडायचं, आणि लगेच सुपरवायझरला सांगायचं. त्यासाठी कुणी तुला रागावलं तर चूक रागावणाऱ्याची आहे.

तर सही करण्यापूर्वी एचआरला हे विचार. चार महिने म्हणजे चारच का, आणि पुढच्या विभागांचे महिने पत्रात लिहून देतील का? काही ठिकाणी ट्रेनीला मजल्यावर ठेवतात आणि माणसं कमी आहेत म्हणून वर्षभर तिथेच राबवून घेतात. त्याला ट्रेनिंग म्हणत नाहीत, आणि तसं दिसलं तर तू निघून आलेली बरी. प्रत्येक विभागात तू काय शिकलीस याची नोंद कोण ठेवणार, त्यावर सही कुणाची? शिफ्ट किती तासांची, जास्तीच्या तासांचे पैसे की बदली सुट्टी? एका दिवसात मधे मोठी सुट्टी देऊन दोन तुकड्यांत ड्यूटी लावतात का? रात्री उशिरा सुटल्यावर घरी सोडायची गाडी आहे का? सर्व्हिस चार्ज किंवा टिप वाटली जाते त्यात ट्रेनीचा हिस्सा असतो का? मजल्यावर एकट्यानं काम करणाऱ्या मुलींसाठी अलार्मचं बटण किंवा वॉकी-टॉकी आहे का? विचारायला संकोच करू नकोस. चांगल्या हॉटेलात या प्रश्नांची उत्तरं तयार असतात, आणि उत्तर देताना समोरचा चिडला तर ते हॉटेल कसं आहे हे तुला फुकटात कळलं.

शक्य झालं तर सही करण्यापूर्वी एकदा त्यांच्या स्टाफ कँटीनमध्ये आणि चेंजिंग रूममध्ये डोकावून ये. पाहुण्यांची बाजू सगळेच सजवतात. कर्मचाऱ्यांच्या जेवणाची जागा स्वच्छ असेल, लॉकरला कुलूप लागत असेल आणि पंखा चालत असेल, तर त्या हॉटेलवर माझा भरवसा बसतो.

रुजू झाल्यावर एक छोटी वही खिशात ठेव. रोज ड्यूटी संपल्यावर लिही: आज कुठली खोली उशिरा तयार झाली आणि कशामुळे. चादरी वेळेवर आल्या नाहीत, मेंटेनन्सचा माणूस मिळाला नाही, की यादीच चुकीची होती? प्रत्येक पलंगामागे निदान तीन संच लागतात: एक अंथरलेला, एक धुलाईत, एक कपाटात. तुझ्या मजल्यावर खरोखर किती आहेत ते मोज. शेवटी काउंटरवर जाशील तेव्हा कुठल्या खोलीचा शॉवर कमी दाबाचा आहे, कुठल्या खिडकीतून लिफ्टचा आवाज येतो आणि कुठली खोली वयस्कर माणसाला द्यावी, हे तुला विचारावं लागणार नाही.

आणि बूट आत्ताच घे, कामाला लागायच्या आदल्या दिवशी नको. न घसरणाऱ्या तळव्याचे, अर्धा नंबर सैल. दिवसाअखेर पाय सुजतात. दहा दिवस घरात घालून ते पायाला बसवून घे.